एगनॉगची गोड भुर्जी झाली, आता काय करू?

सांजवात (कोलंबस, ओहायो) | १४ डिसेंबर, सकाळी ९.१०

मंडळी, मदत हवी आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या.

आमच्या गल्लीत दरवर्षी २३ डिसेंबरला सगळ्या घरांचं मिळून जेवण असतं. घरटी एक पदार्थ. समोरच्या आजी एगनॉग आणायच्या, म्हणजे अंडं, दूध, साखर, क्रीमचं नाताळातलं दाट पेय. काचेचं मोठं भांडं, वर जायफळ भुरभुरलेलं, बाजूला रमची बाटली, ज्याला हवी त्याने ओतून घ्यायची. नऊ वर्षं आम्ही तो आयता प्यायलो. यंदा आजी लेकीकडे राहायला गेल्या आणि जाताना पाककृतीचं पिवळं पडलेलं कार्ड माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, आता हे तुझ्याकडे. मला वाटलं, दूध, साखर, जायफळ! दरवर्षी कोजागिरीचं दूध आटवणाऱ्या बाईला यात काय अवघड?

काल रात्री करून पाहिला. ६ बलक, अर्धा कप साखर, २ कप दूध, १ कप हेवी क्रीम. कार्डावर एवढंच लिहिलंय की मंद आचेवर चमच्याच्या पाठीला धरेपर्यंत ढवळा. ढवळत बसले. दूध आपलं पातळच. दाट होईना म्हणून आच वाढवली, उकळी यायची वाट पाहिली. उकळी आली आणि त्या क्षणी वर पिवळ्या कण्या, खाली निवळ पाणी. नवऱ्याने चाखून विचारलं, "पनीर गोड का केलंस?"

नऊ दिवस हातात आहेत. पंचवीस माणसं, त्यात आठ मुलं. कुठे चुकलं?

---

नाकतोडा | १४ डिसेंबर, सकाळी ९.२२

गोड भुर्जी आणि पाव. हॉटेल काढा, मी येतो. (गंमत केली, दिवे घ्या. जाणकार येईपर्यंत जागा धरून ठेवलीय.)

---

उकडीचा_मोदक (एडिसन, न्यू जर्सी) | १४ डिसेंबर, सकाळी १०.०५

सांजवात, तुमचं प्रमाण बरोबर आहे, हात बासुंदीचा आहे. माझाही होता, म्हणून एका वाक्यात ओळखलं.

आपण दूध दाट करतो ते आटवून. पाणी उडतं, दूध उरतं. जितकं उकळाल तितकं चांगलं. एगनॉगमध्ये काही आटवायचं नसतं. तिथे दाटपणा बलकातल्या प्रथिनांमुळे येतो. ती गरम झाली की उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि दूध धरून ठेवतात. आणखी तापली की इतकी आवळतात की धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतात. तुमच्या कण्या आणि निवळ म्हणजे तेच. नुसता बलक सत्तरच्या आत-बाहेर घट्ट होतो. दूध-साखर मिसळली की थोडी जास्त उष्णता सोसतो. ७५ ते ८० सेल्सिअसला मिश्रण चमच्याला धरतं, ८५ च्या आसपास फुटतं. म्हणजे उकळी यायच्या बरंच आधी तुमचा खेळ संपलेला होता.

पद्धत सांगते. बलक आणि साखर आधी चांगलं फेटा, रंग फिका होऊन उचलल्यावर घट्टसर पट्टीसारखी धार पडायला हवी. दूध, क्रीम, चिमूटभर मीठ दुसऱ्या भांड्यात कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा. आता बलकात दूध घालायचं, दुधात बलक नाही. पहिली पळी अगदी बारीक धारेने, दुसरा हात सतत फेटता. तीन-चार पळ्या गेल्या की बलकाला गरमाईची सवय होते, मग सगळं परत पातेल्यात. जाड बुडाचं पातेलं, सगळ्यात कमी आच, लाकडी उलथनं आठच्या आकड्यात फिरवत. पाच ते आठ मिनिटं. उलथन्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा, रेघ मिटली नाही तर लगेच उतरवा आणि दुसऱ्या थंड भांड्यात गाळा. त्याच पातेल्यात ठेवलंत तर बुडाच्या गरमीने तिथेच फुटेल.

आणि हो, तेव्हा ते पातळच दिसेल, साध्या रबडीपेक्षाही. घाबरायचं नाही. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं की दाट होतं. तुम्ही जो दाटपणा गॅसवर शोधत होतात तो फ्रीजमध्ये मिळतो.

---

सांजवात | १४ डिसेंबर, सकाळी १०.३१

बासुंदीचा हात! अगदी. "अजून आटलं नाही" हेच मनात होतं. मीही दुधात बलक ओतले होते, एकदम सगळे. धन्स.

---

तूपसाखर (पुणे) | १४ डिसेंबर, रात्री ८.४०

मला एक कळत नाही, चांगल्या दुधात अंडं घालून त्याचा वास का करून घ्यायचा? कोजागिरीचं दूधच न्या की. केशर, वेलची, चारोळी. अमेरिकन लोक खूश होतील.

---

जुनी_खोड (गिरगाव) | १४ डिसेंबर, रात्री ९.१५

तूपसाखरताई, दुधात अंडं ही काही साहेबाचीच मिरास नाही. आमच्या लहानपणी आजारातून उठलेल्याला आणि तालमीत जाणाऱ्याला दुधात कच्चं अंडं फेटून द्यायचे. माझ्या आत्याला बाळंतपणानंतर डॉक्टरांनी वर चमचाभर ब्रँडी सांगितली होती. घरात शुद्ध शाकाहार. ते अंडं मागच्या दाराने यायचं आणि कवच गच्चीवरून पलीकडे जायचं. तेव्हा अंडं, दूध, साखर, मद्य सगळं आलं की. राहिलं जायफळ.

विलायतेतही याची सुरुवात औषधी पेयानेच झाली. मध्ययुगात तिथे पॉसेट नावाचं पेय होतं, गरम दूध वाइनने किंवा एलने (बियरचाच प्रकार) फाडायचं, वर मसाले. सर्दी-तापाला द्यायचे. दूध, अंडी, शेरी नावाची वाइन हे श्रीमंतांचे चोचले. अमेरिकेतल्या वसाहतींत मात्र घरोघरी गाई-कोंबड्या, आणि कॅरिबियन बेटांवरून रम स्वस्तात यायची. म्हणून हे पेय तिथे सामान्य माणसाच्या घरात शिरलं. 'नॉग' शब्दाचे दोन अर्थ लावतात. कोणी म्हणतं पूर्व इंग्लंडातल्या कडक बियरला नॉग म्हणत, कोणी म्हणतं नॉगिन म्हणजे लाकडी पेल्यावरून आला. भांडत बसू द्या त्यांना.

अवांतर: या पेयावरून दंगल झालीय हे माहीत आहे का? वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत, १८२६ च्या नाताळच्या आदल्या रात्री. अधीक्षक सिल्व्हेनस थेयर शिस्तीचा कर्दनकाळ, आवारात दारूबंदी. पोरांना बिनदारूचा एगनॉग मान्य नव्हता. त्यांनी बाहेरून व्हिस्की चोरून आणली. पहाटेपर्यंत खिडक्या फुटल्या, जिन्याचे कठडे उपटले, अधिकाऱ्यांवर हल्ले झाले. विसेक कॅडेटांवर लष्करी खटले चालले. त्या रात्री पिणाऱ्यांत जेफर्सन डेव्हिस होता, पुढे यादवी युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांचा अध्यक्ष झाला तोच. त्याला वेळेत खोलीत धाडून नजरकैदेत ठेवलं, म्हणून खटल्यातून वाचला.

---

नाकतोडा | १४ डिसेंबर, रात्री ९.२१

सांजवात, मुलांना बिनदारूचा देणार असाल तर जिन्याचे कठडे आधी तपासा.

---

पेट्रीडिश (बॉस्टन) | १५ डिसेंबर, सकाळी ७.५०

काका, कच्च्या अंड्याच्या आठवणी गोड आहेत, पण मी जंतूंबरोबर काम करते, तेव्हा थोडं कडू बोलू द्या.

अंड्यात साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) कवचावरच असतो असं नाही, कधी कधी आतही असतो. धुऊन तो जात नाही. आठ मुलं, शिवाय गल्लीत म्हातारी माणसं आणि कदाचित एखादी गरोदर बाई असेल, तर कच्च्या अंड्याचा एगनॉग नको. इथल्या शेतीखात्याचा आकडा १६० फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सिअस. उकडीचा_मोदक यांची पद्धत त्याच्या वर जाते, म्हणून ती सुरक्षित आहे. १५ डॉलरचा थर्मामीटर घ्या आणि ७१ ते ८० च्या मधे राहा. कच्चंच करायचं असेल तर कवचासकट पाश्चराइझ केलेली अंडी दुकानात मिळतात, ती वापरा.

"रम घातली की जंतू मरतात" हे प्रत्येक पार्टीत ऐकते. तुमच्या प्रमाणात अर्धा कप रम घातली तर एकूण मद्य पाचेक टक्के. एवढ्याने साल्मोनेलाला फार तर झिंग येईल.

पण मूळ समजूत अगदीच वेडगळ नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रिबेका लान्सफील्ड नावाच्या शास्त्रज्ञ होत्या. स्ट्रेप्टोकोकस जंतूंचे अ, ब, क असे गट आपण म्हणतो ते त्यांनी पाडले. त्या दरवर्षी प्रयोगशाळेतल्या लोकांसाठी एगनॉग करत, कच्च्या अंड्यांचा, आणि काही आठवडे फ्रीजमध्ये मुरवून मगच वाढत. डझनभर अंड्यांना एक क्वार्ट रम आणि एक पाइंट बर्बन व्हिस्की, म्हणजे जवळजवळ दीड लिटर दारू. त्यांच्यामागे तिथल्याच व्हिन्सेंट फिशेटी यांच्या प्रयोगशाळेने ही प्रथा चालू ठेवली आणि एकदा मुद्दाम त्यात साल्मोनेला मिसळून पाहिला. आठवड्याने जंतू होते. तीन आठवड्यांनी काहीच उगवलं नाही.

तेव्हा मद्य आणि वेळ दोन्ही भरपूर असेल तर जमतं. तो एका प्रयोगशाळेतला प्रयोग आहे, तुमच्या फ्रीजची हमी नाही. आणि आज १५ तारीख. तीन आठवडे म्हणजे ५ जानेवारी. जेवण २३ ला. शिजवा.

---

मेपलची_पानगळ (टोरांटो) | १५ डिसेंबर, सकाळी ११.१०

मी तर खोकं आणते. नोव्हेंबर लागला की दुकानात भिंतच उभी राहते. क्वेबेकमध्ये त्याच खोक्यावर फ्रेंचमध्ये 'ले द पूल' लिहितात, शब्दशः कोंबडीचं दूध! पहिल्यांदा वाचलं तेव्हा खोकं परत ठेवलं होतं.

---

उकडीचा_मोदक | १५ डिसेंबर, दुपारी १२.००

पानगळ, कोंबडीचं दूध! हसू आवरेना.

खोक्याबद्दल: अमेरिकेत 'एगनॉग' असं लेबल लावायला किमान ६ टक्के दुधाची स्निग्धता आणि वजनाच्या १ टक्का बलकाचे घन पदार्थ लागतात. फक्त एक टक्का. बाकी दाटपणा बहुतेक वेळा डिंकांचा. घरचा एकदा प्यायलात की खोक्यातला फळ्याला लावायच्या खळीसारखा लागतो. माझं मत, रागवू नका.

---

खाजन (मडगाव) | १५ डिसेंबर, रात्री १०.३०

गोव्यातून लिहितोय म्हणून सगळे विचारतील, तुमच्याकडे नाताळाला एगनॉग करतात का? आमच्या वाड्यावर तरी नाही पाहिला. शेजारच्या किरिस्तांव घरात डिसेंबरभर कुस्वाराचा, म्हणजे नाताळाच्या फराळाचा, घाट असतो: नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं, पेराद, बेबिंका. थाळी आम्हाला येते, गणपतीत आमच्या नेवऱ्या त्यांच्याकडे जातात.

पण बलकाची गोष्ट निघाली म्हणून बोलतो. बेबिंकाला बलक लागतात ते डझनाने, आणि त्यात नारळाचं दूध. शेजारची मावशी एकेक थर वरून तापवून लावते. तिला थर्मामीटर ठाऊक नाही. तिचं एकच सांगणं: बलकाजवळ साखर नुसती ठेवून जायचं नाही, घातली की लगेच फेटायची. मीही एकदा साखर घालून फोनवर बोलत बसलो, परत आलो तर बलकाच्या कडक गुठळ्या. साखर बलकातलं पाणी ओढून घेते. त्या गुठळ्या पुढे कशानेही जात नाहीत.

आणि नारळवाल्यांसाठी: पोर्तो रिकोत याच दिवसांत 'कोकितो' करतात. नारळाचं दूध, कंडेन्स्ड मिल्क, दालचिनी, रम. पुष्कळ घरांत त्यात अंडं नसतंच. तूपसाखरताईंनी रम वगळून करावं.

---

तूपसाखर | १६ डिसेंबर, सकाळी ८.०५

हे आवडलं. नारळाचं दूध चालेल मला!

बरं, लेकाच्या हट्टापायी मीही काल बिनअंड्याचं करून पाहिलं. अर्धा लिटर दुधाला दीड चमचा व्हॅनिला कस्टर्ड पावडर, साखर, क्रीम, जायफळ. छान झालं. अंडं नाही तर त्याला कस्टर्ड का म्हणतात?

---

पेट्रीडिश | १६ डिसेंबर, सकाळी ८.४४

कारण एका नवऱ्याचं बायकोवर प्रेम होतं. बर्मिंगहॅमचा आल्फ्रेड बर्ड औषधं विकायचा, रसायनं जाणायचा. बायकोला अंडी सोसत नव्हती आणि कस्टर्ड आवडायचं. १८३७ मध्ये त्याने मक्याच्या पिठावर बिनअंड्याचं कस्टर्ड बसवलं. तुमच्या डब्यात आजही मुख्यतः मक्याचं पिठूळच (कॉर्नफ्लोअर) आहे. फरक लक्षात ठेवा: पिठूळ शिजायला उकळी लागते, बलकाला ती चालत नाही. म्हणून तुमचं उकळूनही फुटलं नाही.

---

सांजवात | १७ डिसेंबर, सकाळी ६.५५

दुसरा प्रयोग काल रात्री. थर्मामीटर आणला. ७६ ला उतरवलं, गाळलं, बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवलं. सकाळी फ्रीज उघडला तर दाट, गुळगुळीत, फिकट पिवळा. स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून पेलाभर प्यायले.

पण आजींचा होता तसा नाही. तो हलका असायचा, वर फेस. माझा जड आहे, दोन घोटांत पोट भरतं. आणि जायफळ कुठेच लागत नाही, पाव चमचा पूड घालूनही.

---

उकडीचा_मोदक | १७ डिसेंबर, सकाळी ९.३०

हलकेपणाचे दोन मार्ग. एक, पांढरं फेटून आयत्या वेळी मिसळायचं. आजी बहुधा तेच करत असाव्यात. ते कच्चं राहतं, म्हणून पाश्चराइझ केलेलीच अंडी घ्या. ती फेटायला वेळ लागतो, थोडा लिंबाचा रस टाका. दोन, पांढऱ्याच्या भानगडीत न पडता थोडं क्रीम मागे ठेवा, वाढायच्या आधी मऊ फेटा आणि उलथन्याने हलक्या हाताने मिसळा. मुलं आहेत तर दुसराच.

रम मिश्रण पूर्ण थंड झाल्यावरच. पण तुमच्याकडे बाटली बाजूला ठेवायची पद्धत आहे, ती उत्तम. एकच भांडं सगळ्यांना पुरतं.

---

जुनी_खोड | १७ डिसेंबर, सकाळी १०.१२

जायफळाची पूड डबीतून घातलीत ना? फेका ती डबी. जायफळाचा जीव त्याच्या तेलात, आणि दळून ठेवलं की ते उडून जातं. अख्खं जायफळ आणा. आई पुरणात, श्रीखंडात घालायचं जायफळ सहाणेवर दुधाच्या दोन थेंबांत उगाळायची. दळलेल्या चमच्याचं काम त्या चार वळशांत व्हायचं.

मात्र हात आखडता. जायफळ जास्त झालं तर चढतं, तेही वाईट. आमच्याकडे तान्ह्या मुलाला झोप लागावी म्हणून उगाळून चाटवायचे, आता डॉक्टर नको म्हणतात ते योग्यच आहे.

जाता जाता, जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं. त्यासाठी डच लोकांनी तिथे काय रक्त सांडलं ते नाताळाच्या धाग्यात सांगत नाही. आज आपल्या कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळाची झाडं आहेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' नावाची जातही काढलीय. येताना आणा ओल्या जायपत्रीसकट.

---

सांजवात | १७ डिसेंबर, सकाळी १०.४०

काका, सहाण आहे माझ्याकडे! लग्नात आईने दिलेली, वीस वर्षं कपाटात. आज काढते.

---

घाटवाट (नाशिक) | १८ डिसेंबर, रात्री ११.२०

आपल्याकडच्या सामानात कोणी केलाय का? इथे हेवी क्रीम नाही. अमूलचं फ्रेश क्रीम २५ टक्के स्निग्धतेचं, ते फेटून उभं राहत नाही. मी म्हशीचं दूध घेतलं आणि क्रीम निम्मंच घातलं, दाटपणाला कमी नाही. अंडी इथली लहान, म्हणून ६ ऐवजी ७ बलक. ओल्ड मंक घातली. तिला मुळातच व्हॅनिलाचा वास, वेगळा इसेन्स लागला नाही. मित्र म्हणाला, "हे तर रम घातलेलं मसाला दूध." मी म्हटलं, पी आणि गप्प बस.

---

उकडीचा_मोदक | १९ डिसेंबर, सकाळी ७.१५

घाटवाट, पाककृती पूर्ण लिहा. म्हशीच्या दुधाचा विचार केलाच नव्हता.

---

सांजवात | २४ डिसेंबर, दुपारी १.००

मंडळी, पार पडलं.

चार घाणे केले, २१ आणि २२ ला दोन-दोन. एकदम मोठ्या पातेल्यात करायचा मोह झाला होता, पण २४ बलकांची भुर्जी परवडली नसती. तिसऱ्या घाण्याला दारावर कोणी आलं आणि काटा ८३ वर गेला. बारीक कण्या दिसू लागल्या. लगेच गाळून मिक्सरमधून फिरवला, सुधारला, कोणाला कळलं नाही. (उकळून पूर्ण फुटलेला मात्र सुधारत नाही, अनुभव आहे.)

जायफळ सहाणेवर उगाळून घातलं आणि वरून थोडं किसलं. गल्लीतले एक आजोबा, जे नऊ वर्षांत माझ्याशी हवामानाशिवाय कशावर बोलले नव्हते, तीनदा पेला भरून घेऊन गेले आणि मग विचारायला आले की हा वास कसला, दुकानातल्या जायफळाला असा येत नाही. सहाण दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, यावर तुम्ही चाकूला धार लावता का?

मुलांनी भांडं पुसून खाल्लं. कठडे शाबूत आहेत.

आता एकच प्रश्न. चार घाण्यांची २४ पांढरी डब्यात आहेत. काय करू?

---

खाजन | २४ डिसेंबर, रात्री ११.५०

बेबिंका करणाऱ्या प्रत्येक घरातला हाच प्रश्न. पोर्तुगालमध्ये म्हणे मठातल्या जोगिणी (नन) पांढऱ्याने कपड्यांना खळ करायच्या आणि उरलेल्या बलकांची मिठाई. तुम्ही उलट्या बाजूने अडकलात. तमिळनाडूत तुतिकोरिनचे मॅकरून करतात: पांढरं, साखर, काजूची पूड, बस्स. सुंदर लागतात.

सगळ्यांना नाताळाच्या शुभेच्छा. इथे मध्यरात्रीच्या मिसेची घंटा वाजतेय.

---

सांजवात | २५ डिसेंबर, सकाळी १०.२०

आजींना फोन केला. पहिला प्रश्न, "किती जणांनी दुसऱ्यांदा घेतला?" दुसरा, "पांढऱ्यांचं काय केलंस?" म्हटलं, डब्यात आहेत. त्या इतक्या हसल्या की लेकीने फोन घेतला. मग कळलं, कार्ड मी कधी उलटं करून पाहिलंच नव्हतं. मागे एंजल फूड केकची पाककृती आहे. १२ पांढरी.

दोन केक होतात बरोबर.

---

नाकतोडा | २५ डिसेंबर, सकाळी १०.२४

केकचा वेगळा धागा काढा. जागा मी धरतो.